मस्कत जवळ, माणगाव लांब

धाकट्या भावाला परदेशात नोकरी लागली. मुंबई-मस्कत विमानाने जेमतेम तीन तास. माणगाव-मुंबई किती तास? ते मात्र विचारू नका!

"ताई, तीस किलोत काय काय बसतं गं?"

२०२५ च्या ऑगस्टचा दुसरा आठवडा. मी अंधेरीत एका एडिटरच्या केबिनबाहेर बसले होते. तीन महिन्यांपासून अडकलेल्या माझ्या पेमेंटचा विषय कसा काढावा, याची मनात रिहर्सल चालली होती. (फ्रीलान्सर मंडळी, तुम्हाला वेगळं सांगायला नको!) आणि इकडे भावाला वजनाचं टेन्शन. मी म्हटलं, "सगळं बसतं. आईला विचारू नकोस फक्त."

पण तोवर उशीर झाला होता. आईने बॅग भरून टाकली होती. ती शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली, तर काटा एक्केचाळीसवर! तांदळाचं पीठ, नाचणीचं पीठ, कोकमं, पोह्याचे पापड, दोन बाटल्या लोणचं, घरचा मसाला आणि वर्तमानपत्राच्या सात थरांत गुंडाळलेली सुकट. सुकट आधी बाहेर काढली. मग मसाला. कारण मसाल्यात खसखस होती. सौदी आणि यूएईत खसखस अमली पदार्थांच्या नियमात अडकते. भाऊ ओमानला निघाला होता, पण पहिल्याच दिवशी कस्टमवाल्यांशी वाद घालायची हौस कुणाला? आईने रात्री बसून खसखशीशिवाय नवा मसाला केला. "चव नाही यायची," असं चार वेळा पुटपुटली, पण केला.

तर आमच्या घरातला पहिला माणूस विमानात बसणार होता. तोही थेट नोकरीला.

बाबांची गाडी

माणगाव माहीत आहे ना? मुंबई-गोवा हायवेवर जिथे तुमची गाडी हमखास अडकते, तेच. रायगड किल्ल्याला जा, हरिहरेश्वरला जा, नाहीतर ताम्हिणी उतरून पुण्याहून या, माणगाव लागतंच. लोक तिथे वडापाव खातात, ट्रॅफिकला शिव्या घालतात आणि पुढे जातात. आम्ही तिथले.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर. एकतीस वर्षं नोकरी करून २०२१ साली रिटायर झाले. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं माणगाव-मुंबई. लहानपणी मला वाटायचं, बाबा रोज मुंबईला जातात म्हणजे मुंबई त्यांचीच. पुढे कळलं, बाबांनी मुंबईत पाहिलेल्या जागा तीन. डेपो, चहाची टपरी आणि रेस्ट रूम.

पण आखातात निघालेली माणसं मात्र त्यांनी ढिगाने पाहिली. मोर्बा, गोरेगाव, म्हसळा, श्रीवर्धन. या पट्ट्यातली कितीतरी घरं कुवेत, सौदी, दुबईच्या पैशांवर उभी आहेत. बाबा सांगतात, सीट न बघताच कळायचं, आज गाडीत कोण 'बाहेर' चाललंय. स्टँडवर एका माणसाला सोडायला पंधरा माणसं आलेली असायची. टपावर सुतळीने बांधलेला खोका, त्यावर मार्करने लिहिलेलं नाव. गाडी सुटली की पेणपर्यंत तो माणूस एक शब्द बोलायचा नाही. परत येणारा मात्र माणगाव यायच्या आधीच दारात येऊन उभा राहायचा!

"त्यांना एवढं सोडलं, पण विमान कधी बघितलं नाही," बाबा म्हणायचे. पासपोर्ट तर त्यांनी काढलेलाच नव्हता. ड्रायव्हिंग लायसन्सवर आयुष्य निघालं.

खालाची कॅसेट

आता थोडा फ्लॅशबॅक. आपल्याला वाटतं, 'ऑनसाइट', 'अ‍ॅब्रॉड' वगैरे आपल्या पिढीचं फॅड आहे. अजिबात नाही. दहाव्या शतकात अल्-मसूदी हा अरब प्रवासी आपल्या चौलच्या बंदरात येऊन गेला, तेव्हा तिथे अरब व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. आपल्याकडचेही कमी नव्हते. एकोणिसाव्या शतकात मराठी माणसं मजूर म्हणून मॉरिशसला गेली. केपटाऊनमध्ये रत्नागिरी-कुलाबा भागातून गेलेल्या कोकणी मुसलमानांची वस्ती शंभराहून जास्त वर्षांची आहे. (आपला रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबाच होता.)

आणि आखात तर इतकं जवळचं, की १९६० च्या दशकापर्यंत तिकडच्या बऱ्याच भागात आपला रुपयाच चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला, बाकीचे एकेक करून पुढे गेले. ओमानमध्ये आज रियाल चालतो. पण एका रियालचे हजार भाग केले, तर त्यातल्या एकाला काय म्हणतात माहीत आहे? बैसा. म्हणजे आपला पैसाच!

आमच्या शेजारच्या खाला मूळच्या मोर्ब्याच्या. त्यांचे नवरे सत्तरच्या दशकात कुवेतला गेले, लग्नानंतर तीन महिन्यांनी. फोन नव्हता. पत्र लिहायचं तर खालांना जास्त लिहिता येत नव्हतं. मग कॅसेट यायची. गावी सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ते टेप करून पाठवायचे आणि खाला घरातल्या टेपरेकॉर्डरवर ऐकायच्या. सासू-सासरे, दीर, नणंदा सगळे समोर बसलेले. "मग तुमच्यासाठी काय बोलायचे?" मी एकदा चहाटळपणे विचारलं. खाला हसल्या. म्हणाल्या, "माझ्यासाठी? शेवटी जरा खोकायचे."

मी लिहिण्याचा धंदा करते. पण यापेक्षा रोमँटिक ओळ मला अजून सुचलेली नाही.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतचा ताबा घेतला. तेव्हा एअर इंडियाने जॉर्डनच्या अम्मानमधून १ लाख ७० हजारांहून जास्त भारतीयांना घरी आणलं. त्यात खालांचे नवरे होते. एक पिशवी आणि खोलीची किल्ली घेऊन आले. पगार बुडाला, सामान गेलं. आणि दोन वर्षांनी परत कुवेतलाच गेले.

"परत कशाला पाठवलंत?" मी विचारलं.

"स्लॅब अर्धा राहिला होता गं," खाला म्हणाल्या. एवढंच.

पहिला व्हिसा

भावाने लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातून मेकॅनिकल केलं. घरापासून बसने अर्धा तास. मग विळे-भागाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत लागला. शिफ्ट ड्यूटी आणि हातात बावीस हजार. चार वर्षांनी किती? सव्वीस. वयाच्या पंचविशीत मुलगा एमआयच्या स्कीम बघतो, बाइक बघतो. आमचा मात्र बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च बघत होता.

अशा वेळी माणसाला एजंट भेटतो. भेटतोच!

हा एजंट बाबांच्या ओळखीचा निघाला, हीच खरी गोची. वर्षानुवर्षं बाबांच्या गाडीतून जाणारा पॅसेंजर. आपला माणूस. त्याने दुबईतला जॉब सांगितला. एकूण एक लाख वीस हजार, त्यातले साठ आत्ता. बाबांनी रिटायरमेंटच्या पैशांतून काढून दिले. माझ्यापासून हे लपवलं, कारण मी 'पेपरवाली', फार प्रश्न विचारते.

मला कळलं तेव्हा व्हिसा हातात आला होता. उघडून बघितला तर व्हिजिट व्हिसा. ऑफर लेटरवर एका कंपनीचं नाव, व्हिसाच्या कागदात दुसऱ्याच कुणाचं आणि ई-मेल आयडी फुकटच्या मेलचा. "तिकडे गेला की कन्व्हर्ट होतो, सगळे असेच जातात," एजंट म्हणाला. मी त्याचा रजिस्ट्रेशन नंबर मागितला. तो म्हणाला, माझ्या वरचा माणूस रजिस्टर्ड आहे. वरचा माणूस कोण? त्यावर तो चिडला.

भाऊ गेला नाही. सहा महिने हेलपाटे घातल्यावर पंचवीस हजार परत मिळाले. पस्तीस गेले ते गेलेच.

पैसे गेल्याचं दुःख होतंच. पण त्यानंतर बाबा भावाशी नीट बोलेनासे झाले. रागाने नाही, शरमेने. जेवताना ताटात बघायचे. एकतीस वर्षांत ज्यांनी एकदाही गाडी ठोकली नाही, त्यांना वाटत होतं, पोराची गाडी आपण ठोकली.

कागदांचा फंडा

मग मात्र मी पदर खोचला. मास कॉमच्या डिग्रीचा एवढा तरी उपयोग! दोन-तीन आठवडे फक्त नियम वाचले. तुमच्यापैकी कुणी सिंगापूर, दुबई, डब्लिन अशी स्वप्नं बघत असेल, तर हे कापून ठेवा.

एक. परदेशी नोकरीवर माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली सरकारी रजिस्ट्रेशन लागतं. ते आहे का नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' या साइटवर कुणालाही बघता येतं. ही सिस्टिम २०१४ पासून आहे. 'सब-एजंट' ही भानगड कायद्यात नाही.

दोन. रजिस्टर्ड एजंटने उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये अधिक जीएसटी घ्यायचे, तेही पावती देऊन. आमच्याकडे मागितले होते चौपट.

तीन. हा पॉइंट सगळ्यात इंटरेस्टिंग. पासपोर्टवर 'ईसीआर' शिक्का असलेला, म्हणजे साधारण दहावी न झालेला कामगार आखातासारख्या अठरा ठरावीक देशांत नोकरीला निघाला, की त्याचं काँट्रॅक्ट, कंपनी, पगार हे सगळं सरकारी परवानगीतून जातं. त्याला दहा लाखांचा 'प्रवासी भारतीय विमा' सक्तीचा असतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, फक्त! आणि तुम्ही-आम्ही? दहावी पास झालो, की आपल्याला या परवानगीची गरज नाही. म्हणजे आपले कागद कुणी तपासतही नाही. शिकलेल्याला सरकार म्हणतं, तू शहाणा आहेस, तुझं तू बघ. आणि शहाणे व्हिजिट व्हिसावर विमानात बसतात.

चार. डिग्रीवर शिक्के. आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा 'अ‍ॅपोस्टिल'. भारत या आंतरराष्ट्रीय करारात २००५ मध्ये आला, ओमान २०१२ मध्ये. जे देश करारात नाहीत, त्यांच्या दूतावासाचा शिक्का वेगळा घ्यावा लागतो. शिक्क्यांना वेळ लागतो, म्हणून ऑफर येण्याआधीच तयारीला लागा.

पाच. बँक. नोकरीसाठी देश सोडला आणि त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात, तर इन्कम टॅक्सच्या दृष्टीने तुम्ही त्याच वर्षी एनआरआय. साधं सेव्हिंग खातं एनआरओमध्ये बदलून घ्यावं लागतं आणि तिकडची कमाई पाठवायला एनआरई खातं काढता येतं. ऑगस्टमध्ये निघणारा आमचा हिरो याच हिशोबात बसला. बँकेतला क्लार्क त्याला 'साहेब' म्हणाला. घरी येऊन त्याने ते तीनदा सांगितलं!

दुसरी ऑफर आली ती लोणेऱ्याच्याच एका सीनियरमुळे. ओमानमधलं सोहार, तिथल्या औद्योगिक पट्ट्यात मेन्टेनन्सचं काम. पगार २८० रियाल, म्हणजे साठ हजारांच्या वर. राहणं, येण्या-जाण्याचं तिकीट आणि व्हिसा कंपनीचा. एम्प्लॉयमेंट व्हिसावर कंपनीचं तेच नाव, जे काँट्रॅक्टवर. मी एकेक ओळ वाचली. मग बाबांनी वाचली. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, पण चष्मा लावून पान-पान उलटलं आणि शेवटी विचारलं, "गाडी कुणाची आहे ते नीट बघितलंस ना?"

उलट्या दिशेने

जॉइनिंगची तारीख अशी, की त्याला चोवीस ऑगस्टला रात्री निघावं लागणार होतं. आणि सत्तावीसला गणपती!

कोकणातल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. अख्खी मुंबई त्या आठवड्यात खाली उतरते आणि आमचा एकटा वर निघाला होता. कंपनीला मेल टाकून तीन दिवस मागावे का, यावर घरात चर्चा झाली. आई म्हणाली, माग. भाऊ गप्प. शेवटी बाबाच म्हणाले, "पहिल्याच ड्यूटीला लेट मार्क नको."

त्या संध्याकाळी आईने मोदक केले. गणपतीच्या आधी तीन दिवस! नैवेद्याआधी मोदक खायचे नसतात, हे आमच्या घरात तिनेच आम्हाला मारून-मुटकून शिकवलेलं. भावाने एक खाल्ला, दोन खाल्ले. तिसऱ्याला त्याचा घास अडकला. तो उठून मोरीपाशी गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला. खालांनी त्याच्या दंडाला इमाम-जामिन बांधला. आईने देव्हाऱ्यातला अंगारा पाकिटात ठेवला. सगळीकडून कव्हर!

विमान पहाटे साडेपाचचं. आम्ही संध्याकाळी सातलाच भाड्याची गाडी घेऊन निघालो. हसू नका. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हा माझा भाऊ शाळेत होता. त्याने शाळा संपवली, इंजिनीअर झाला, नोकरी केली, फसला, सावरला आणि परदेशी निघाला. रस्त्याचं काम चालूच होतं.

बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी. पूर्ण वाटभर त्या बिचाऱ्याला सूचना. "इथे खड्डा आहे. इथे डावीकडून घे. कर्नाळ्यात ओव्हरटेक करू नकोस." समोरून हेडलाइट्सची न संपणारी माळ. चाकरमान्यांच्या गाड्या, टपावर मखराचे खोके. भाऊ खिडकीतून तेच बघत होता. पेणपर्यंत एक शब्द बोलला नाही.

बाबांनी आरशात एकदा त्याच्याकडे बघितलं. मला खात्री आहे, त्यांना टपावरचे ते सगळे सुतळीचे खोके आठवले असणार.

सहार

बाबांच्या तोंडात अजून 'सहार'च. टी-टू, इंटरनॅशनल टर्मिनल वगैरे आपल्यासाठी. तिकीट-पासपोर्टवाल्यालाच आत सोडतात, त्यामुळे निरोप गेटवरच. बाजूला कुणी सेल्फी काढत होतं, कुणी ढसाढसा रडत होतं. एका कुटुंबाने चक्क आरती म्हटली.

आमच्याकडे काही झालं नाही. भाऊ वाकला. बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि इतके महिने जे अडकलं होतं ते एकदम बाहेर आलं. "त्या वेळी माझं चुकलं रे."

भाऊ म्हणाला, "बाबा, तुमच्यामुळेच थांबलो ना? तुम्ही नको म्हणालात म्हणून मी त्या विमानात बसलो नाही."

हे खरं नव्हतं. नको मी म्हटलं होतं, तेही आरडाओरडा करून. पण मी गप्प बसले. प्रत्येक गोष्टीत आपली बायलाइन लागतेच असं नाही.

तो आत गेला. काचेतून थोडा वेळ त्याची निळी बॅग दिसली. सिक्युरिटी पार केल्याचा मेसेज आला आणि चारच्या सुमारास आम्ही परत निघालो.

आणि मग ते झालं, जे होणारच होतं. जाताना आम्ही चाकरमान्यांच्या समोरून गेलो होतो, आता त्यांच्यातच सापडलो. पनवेल, पेण, वडखळ. गाडी चालण्यापेक्षा उभीच जास्त. नागोठणं ओलांडून सुकेळी खिंडीत आलो तेव्हा पावणेनऊ वाजले होते. आई मागच्या सीटवर झोपली होती. माझ्या फोनवर अनोळखी नंबर आला. +९६८ ने सुरू होणारा.

"ताई, पोचलो. बाहेर पण आलो. सीनियर आलाय घ्यायला, त्याच्याच फोनवरून बोलतोय. इथे सव्वासात झालेत. तुम्ही घरी पोचलात?"

"आम्ही? आम्ही सुकेळीत आहोत!"

तो देश ओलांडून, समुद्र ओलांडून, घड्याळ दीड तास मागे करून पोचला होता. आम्हाला माणगाव लांबच होतं. आम्ही दोघं इतके हसलो, की आई दचकून उठली आणि हसता हसता तिकडे त्याचा आवाज चिरकला. मग त्याने चक्क खोकून घेतलं.

बाबांनी फोनसाठी हात पुढे केला. मला वाटलं, आता काहीतरी इमोशनल. बाबांनी फोन कानाला लावला, समोरच्या ट्रकच्या मडफ्लॅपकडे बघितलं आणि विचारलं, "तिकडचे रस्ते कसे आहेत रे?"

गणपतीत नैवेद्याच्या ताटांत आईने एक ताट जास्त वाढलं आणि ते खालांच्या घरी पाठवलं. डिसेंबरच्या पंचवीस तारखेला नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडायला लागली. आपल्या रायगड जिल्ह्यातच, कर्नाळ्याच्या जरा पुढे! बाबांनी ती बातमी पेपरातून कापून ठेवली. परवा मी घरी गेले तेव्हा त्यांनी ते कात्रण माझ्यापुढे सरकवलं. म्हटलं, आता यावर लेख लिही म्हणणार.

"काही नाही," बाबा म्हणाले. "पासपोर्टला काय काय कागद लागतात गं?"